काडी ओढली, ज्योत पेटली: देवावरचा एक जुना वाद, सोपा करून

काडेपेटीवर काडी ओढली, ज्योत पेटली. का पेटली? काडी ओढली म्हणून. एवढ्यावर तुमचं समाधान झालं का?

झालं असेल तर तुम्ही बर्ट्रांड रसेल यांच्या बाजूचे. आणि काडीवरचं गुल कुठून आलं, हवेत प्राणवायू का आहे, मुळात हे सगळं असायचंच कशाला, असं पुढं पुढं विचारत राहावंसं वाटत असेल, तर तुमची खुर्ची फादर फ्रेडरिक कोपलस्टन यांच्या शेजारी. काडीचं उदाहरण माझं नाही. २८ जानेवारी १९४८ रोजी बीबीसीच्या ‘थर्ड प्रोग्रॅम’ या रेडिओ वाहिनीवर या दोघांचा देवाच्या अस्तित्वावर वाद झाला, त्यात ते रसेल यांनी दिलं होतं.

नास्तिक आणि ख्रिस्ती यांच्यातले वाद आज मोबाइलवर हवे तेवढे मिळतात. बहुतेकांत टाळ्या जास्त, मुद्दा कमी. या जुन्या वादात दोघंही एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देतात, नंतर अगदी शांतपणे त्याला सुरुंग लावतात. आस्तिक-नास्तिक भांडणाचं नेमकं मूळ कुठं आहे ते समजून घ्यायचं असेल, तर मला यापेक्षा चांगली जागा माहीत नाही.

रसेल तेव्हा ७५ वर्षांचे. गणिती, तर्कशास्त्रज्ञ, पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून तुरुंगात जाऊन आलेले. कोपलस्टन ४० वर्षांचे, जेझुइट पंथाचे धर्मगुरू, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. गंमत अशी की दोघांच्याही आयुष्यात अठरावं वर्ष निर्णायक ठरलं होतं. अँग्लिकन घरात वाढलेले कोपलस्टन अठराव्या वर्षी कॅथलिक झाले. रसेल यांनी त्याच वयात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांचं आत्मचरित्र वाचलं आणि देवाचा नाद सोडला. त्यात मिल सांगतात की त्यांच्या वडिलांनी त्यांना एक गोष्ट शिकवली होती: ‘मला कोणी केलं?’ या प्रश्नाला ‘देवानं’ असं उत्तर देऊन भागत नाही, कारण लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो, ‘मग देवाला कोणी केलं?’

हेच मिल पुण्यात आगरकरांनीही वाचले होते. डेक्कन कॉलेजमध्ये शिकताना मिल आणि दुसरे इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर यांनी त्यांची विचारसरणी घडवली. तेव्हा ‘देव कोणी केला?’ हा प्रश्न मराठी विवेकवाद्यांना नवा नाही. चहाच्या टपरीवरही तो ऐकू येतो. रसेल यांनी १९२७ साली लंडनमधल्या बॅटरसी टाउन हॉलमध्ये दिलेल्या भाषणात तो वापरला, आणि वर हिंदूंच्या नावावर एक किस्सा सांगितला: पृथ्वी हत्तीवर, हत्ती कासवावर, आणि कासव कशावर असं विचारलं तर ‘विषय बदलू या’. (आपल्याकडे शेष आहे, कूर्म आहे, दिग्गजही आहेत, विषय बदलणारा तो हिंदू मात्र कोण, देव जाणे.)

पण हा प्रश्न कोपलस्टन यांना लागतच नाही. का ते समजलं की अर्धा वाद समजला.

‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं, म्हणून जगालाही कारण आहे, तेच देव’ असं कोणी म्हणालं, तर मिल यांचा प्रश्न त्याला बरोबर बसतो. प्रत्येक गोष्टीला कारण असेल तर देवालाही हवं. कोपलस्टन असं म्हणतच नाहीत. त्यांचं म्हणणं असं: जगात आपल्याला भेटणाऱ्या सगळ्या गोष्टी परावलंबी आहेत. त्या आहेत, पण नसत्या तरी चाललं असतं. आणि त्या ‘का आहेत’ याचं उत्तर त्यांच्या पोटात सापडत नाही, बाहेर शोधावं लागतं. मी आहे, कारण माझे आईवडील होते. शिवाय या क्षणीही मी हवेवर आणि अन्नावर टिकून आहे. अशा परावलंबी गोष्टींची बेरीज म्हणजे जग. मग ही अख्खी बेरीज का आहे? बेरजेतल्या कशानंही याचं उत्तर मिळणार नाही. म्हणून असं काहीतरी हवं, ज्याच्या असण्याचं कारण त्याच्यातच आहे, जे नसूच शकत नाही. विचाराची ही पद्धत अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झ यांची, आणि त्याच्या मागं तेराव्या शतकातले ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस.

आपल्याकडे यासाठी जवळचा शब्द आहे, स्वयंभू. जपून वापरायला हवा. स्वयंभू म्हणजे स्वतःला जन्म देणारा असा अर्थ घेतला तर गोंधळ होतो. स्वतःला जन्म द्यायला आधी स्वतः असावं लागेल. इथं अर्थ एवढाच की याला दुसऱ्या कशाचा आधार लागत नाही.

आणखी एक खाचखळगा. कोपलस्टन काळात मागं मागं जात नाहीत. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी ती साखळी नाही. कंदील खिळ्यावर टांगलाय, खिळा भिंतीत आहे, भिंत पायावर उभी आहे, आणि हे सगळं आत्ता, एकाच वेळी. अशा साखळीचा आधार ते विचारताहेत. जग अनादी असेल, त्याला सुरुवातच नसेल, तरी त्यांच्या युक्तिवादाचं काही बिघडत नाही. हे पटवायला त्यांनी रेडिओवर चॉकलेटं काढली. चॉकलेटांत चॉकलेटं मिळवत गेलात तर शेवटी चॉकलेटंच मिळतात, मेंढी मिळत नाही. अगणित मिळवली तर अगणित चॉकलेटं. तसं परावलंबी गोष्टी अगणित जोडल्या तरी हाती परावलंबीच येणार, स्वयंभू नाही.

यावर रसेल यांनी दोन बाजूंनी हल्ला केला.

पहिला थोडा अवघड आहे, पण माझ्या मते तोच खरा. रसेल म्हणतात, ‘नसूच शकत नाही’ हे शब्द तुम्ही वस्तूला लावता आणि तिथंच चुकता. ते फक्त वाक्याला लावता येतात. ‘विधवेचा नवरा हयात नसतो’ हे वाक्य खोटं असूच शकत नाही, कारण विधवा या शब्दाचा अर्थच तो. म्हणून काही जगात विधवा असायलाच पाहिजेत असं होत नाही. एखादी गोष्ट खरोखर आहे की नाही हे तिच्या व्याख्येतून कधीच निघत नाही. जाऊन बघावं लागतं. मग ‘जे असायलाच हवं असं अस्तित्व’ हा शब्दप्रयोग व्याकरणात बसतो, पण त्याला अर्थ आहे का? कोपलस्टन यांनी हे नुसतं नाकारलं नाही. आपण देवाच्या कल्पनेवरून देवाचं अस्तित्व काढत नाही, जगावरून काढतो, असं त्यांचं उत्तर. उत्तर प्रामाणिक आहे. पण शेवटी ते ज्या ठिकाणी पोचतात त्या ठिकाणाला काही अर्थ आहे का, ही रसेल यांची शंका जागच्या जागी राहते.

दुसरा हल्ला जास्त गाजला. प्रत्येक माणसाला आई असते. म्हणून मानवजातीला आई असते का? तसंच जगातल्या एकेका गोष्टीला कारण असेल, म्हणून अख्ख्या जगाला कारण कशाला हवं? जग आहे, बस्स, आहे.

वाक्य टाळीचं आहे, आणि नास्तिक मित्र ते फार आवडीनं सांगतात. पण जरा थांबू या. तुकड्यांचा गुण अख्ख्याला लागू होतोच असं नाही, हे कबूल. गोधडीचा प्रत्येक तुकडा वीतभर असतो, गोधडी वीतभर नसते. मात्र प्रत्येक तुकडा सुती असेल तर गोधडीही सुतीच असते. म्हणजे काही गुण वर चढतात, काही चढत नाहीत. परावलंबीपण वीतभर असण्यासारखं की सुती असण्यासारखं, हे आईच्या उदाहरणावरून ठरत नाही. मला ते सुतीसारखं वाटतं, पण मी पैज लावणार नाही.

काडीची पाळी याच्या थोडी आधीच येऊन गेली होती. कोपलस्टन म्हणत होते की पुरेसं स्पष्टीकरण हवं. पुरेसं म्हणजे किती, रसेल यांनी विचारलं. मी काडी पेटवतो आहे, पेटीवर घासली हे पुरेसं नाही का? व्यवहाराला पुरेसं, पण ते अर्धवट, असं उत्तर आलं. पूर्ण स्पष्टीकरण म्हणजे ज्यात आणखी काही घालायला उरत नाही. तसं काही मिळत नसतं आणि मिळण्याची अपेक्षाही करू नये, असं रसेल म्हणाले. त्यावर कोपलस्टन यांनी केलेला वार मला या सगळ्या संवादात सगळ्यात धारदार वाटतो: मिळालं नाही म्हणणं वेगळं, शोधूच नका म्हणणं वेगळं, दुसरं जरा हटवादी नाही का? पुढं तर ते म्हणाले की पटावर बसायलाच नकार दिला, एकही सोंगटी हलवली नाही, तर तुमच्यावर मात होणार कशी?

रसेलही काही कच्चे नव्हते. शास्त्रज्ञ कारणं शोधतात, मग तत्त्वज्ञांनी का शोधू नयेत, या मुद्द्याला त्यांनी सोन्याचं उदाहरण दिलं. सोनं शोधणारा माणूस जागोजागी सोनं आहे असं धरून चालत नाही. सापडलं तर नशीब, नाही सापडलं तर नाही. कारणांचंही तसंच. शिवाय अणूच्या आतल्या काही घडामोडींना कारण नसावं असं भौतिकशास्त्रज्ञांना वाटतं, याचीही त्यांनी आठवण करून दिली.

वाद इथंच फाटतो. देव आहे की नाही यावर तो अडतच नाही. अडतो तो ‘का?’ हा प्रश्न कुठपर्यंत न्यायचा यावर. कोपलस्टन यांच्या लेखी ‘का’ला मध्येच थांबवणं म्हणजे बुद्धीचा अपमान. रसेल यांच्या लेखी सगळ्या जगाला ‘का’ विचारणं म्हणजे उत्तर दिशेला ‘तुझ्या उत्तरेला काय?’ असं विचारण्यासारखं. वाक्य बरोबर, प्रश्न पोकळ. मला स्वतःला वाटतं, कोपलस्टन यांना विचारण्याचा पूर्ण हक्क आहे, पण त्यांनी दिलेलं उत्तर हे उत्तर आहे का, यावर शंका घेण्याचा रसेल यांचा हक्कही तितकाच खरा आहे.

एक गोष्ट रसेल यांनी रेटली नाही याचं मला नवल वाटतं. सुरुवातीला दोघांनी देवाची व्याख्या ठरवून घेतली होती: जगाहून वेगळा, जगाचा निर्माता, आणि व्यक्तिरूप असा सर्वश्रेष्ठ. पण स्वयंभू असं काही मान्य केलं तरी ते व्यक्तिरूप कशावरून? जगाहून वेगळं कशावरून? वेदान्ताची तोंडओळख असलेला मराठी वाचक लगेच म्हणेल, अहो, हे तर ब्रह्मही असू शकतं. तिथून येशूपर्यंत, क्रुसापर्यंत आणि पुनरुत्थानापर्यंतचा रस्ता फार लांबचा आहे. कोपलस्टन यांनाही तो एका कार्यक्रमात चालायचा नव्हता.

इथं आणखी एक गैरसमज काढून टाकू या, कारण तो व्हॉट्सॲपवर रोज फिरतो: ‘महास्फोट झाला, म्हणजे विश्वाला सुरुवात आहे, म्हणजे विज्ञानानं देव सिद्ध केला.’ १९४८ साली महास्फोटाचा सिद्धांत सर्वमान्य नव्हता. उलट त्याच वर्षी विश्व कायम तसंच आहे असा पर्यायी सिद्धांत मांडला गेला. तो मांडणाऱ्यांपैकी फ्रेड हॉईल हे नास्तिक. त्यांनीच मार्च १९४९ मध्ये, याच थर्ड प्रोग्रॅमवर, ‘बिग बँग’ हे नाव पहिल्यांदा वापरलं. आणि विश्व एका आदिम अणूतून पसरलं असं सांगणारे जॉर्ज लमेत्र होते बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी नव्या विज्ञानाकडे बोट दाखवून, त्यातून ईश्वरी निर्मितीला दुजोरा मिळतो अशा अर्थाचं भाषण केलं. तेव्हा नाराज कोण झालं? खुद्द लमेत्र. आपला सिद्धांत धर्माच्या बाजूनं किंवा विरुद्ध वापरू नये असं त्यांचं मत होतं. विज्ञान उद्या बदललं तर श्रद्धेला त्याच्याबरोबर फरफटत नेणार का, ही साधी व्यवहारी भीती त्यामागं दिसते. कोपलस्टन यांनी तर सुरुवातीचा मुद्दा घेतलाच नव्हता.

वादाचा दुसरा मोठा भाग नीतीचा. इथं मला रसेल थकल्यासारखे वाटतात.

कोपलस्टन यांचा प्रश्न: देव नसेल तर चांगलं-वाईट कशावरून ठरवता? हा प्रश्न नेहमी चुकीचा ऐकला जातो. ‘नास्तिक माणसं अनीतिमान असतात’ असं कोपलस्टन म्हणत नव्हते. त्यांचं विचारणं असं होतं की तुम्ही नीतीनं वागता हे ठीक, पण ‘हे वाईट आहे’ या वाक्याला तुमच्या जगात पाया कोणता? रसेल म्हणाले, निळं आणि पिवळं मी जसं वेगळं ओळखतो तसं. डोळ्यांनी? नाही, भावनेनं. मग कोपलस्टन यांनी बेल्झेनच्या नाझी छळछावणीच्या प्रमुखाचं नाव काढलं. ती छावणी एप्रिल १९४५ मध्ये मुक्त झाली होती, तिचा प्रमुख त्याच वर्षी डिसेंबरात फासावर गेला होता. ऐकणाऱ्यांना ते चित्र डोळ्यांपुढं होतं. त्या माणसाला आपलं कृत्य चांगलं ‘दिसत’ असेल तर?

रसेल यांचं उत्तर आपल्या ओळखीचं आहे: कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं. आपण म्हणीसारखं बोलतो तेच. जग पिवळं नाही हे त्याला सिद्ध करून दाखवता येत नाही, पण बहुतेकांना ते पिवळं दिसत नाही. आणि बेल्झेनचा तो प्रमुख चुकत होता असं बहुतेकांचं मत आहे.

बहुतेकांचं! इथं मराठी वाचकानं तरी अडायला हवं. अस्पृश्यतेत शतकानुशतकं ‘बहुतेकांना’ काही चूक दिसली नव्हती. सगळ्या गावालाच कावीळ झाली असेल तर? डोकी मोजून नीती ठरत नाही. हा लंगडेपणा रसेल यांनाही बोचत असावा. पुढं १९६० च्या सुमारास त्यांनी लिहिलं की नैतिक मूल्यं व्यक्तिनिष्ठ आहेत हा युक्तिवाद आपल्याला खोडता येत नाही, पण क्रौर्यात वाईट एवढंच की ते आपल्याला आवडत नाही, हेही आपल्याला मानवत नाही. इतक्या मोठ्या माणसानं असं लिहून ठेवावं, हे मला त्यांच्या कुठल्याही विनोदापेक्षा मोलाचं वाटतं.

म्हणून कोपलस्टन जिंकले? छे. त्यांच्या वाटेत प्लेटोच्या काळापासूनचा एक धोंडा आहे. चांगलं ते चांगलं, कारण देव तसं म्हणतो? मग देवानं उद्या क्रौर्याची आज्ञा दिली तर ते चांगलं ठरेल. की देव ते सांगतो, कारण ते मुळातच चांगलं आहे? मग चांगुलपणाला देवाची गरज उरली नाही. ख्रिस्ती तत्त्वज्ञ यावर म्हणतात की चांगुलपणा देवाचा हुकूम नाही, स्वभाव आहे. त्यानं धोंडा हलतो की नुसता झाकला जातो, यावर आजही शाई खर्च होते आहे.

आपल्याकडचा पुरावा तर या दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, ख्रिस्ती झाले नाहीत, पण माणसामाणसांतली समता त्यांनी उभी केली ती निर्मिकावर. एकाच निर्मिकाची लेकरं, मग उच्चनीच कसलं? आगरकर देव मानत नव्हते, आणि बालविवाहाविरुद्ध, विधवांच्या हालांविरुद्ध तितक्याच तळमळीनं लिहीत होते. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. पाया वेगवेगळा, इमारत बरीचशी सारखी. कोपलस्टन म्हणतील, आगरकरांना पाया होताच, त्यांनी त्याला नाव दिलं नाही. रसेल म्हणतील, फुल्यांनी निर्मिक काढून टाकला असता तरी इमारत पडली नसती. दोघांचंही खोडणं सोपं नाही.

धार्मिक अनुभवाचा भाग मी थोडक्यात उरकतो, कारण त्यांनीही तिथं फार खोदलं नाही. संतांना काहीतरी भेटतं आणि त्यांची आयुष्यं उजळतात, याचं चांगलं स्पष्टीकरण म्हणजे खरंच कोणीतरी भेटलं, असं कोपलस्टन सुचवतात. हा पक्का पुरावा आहे असा दावा ते करत नाहीत. रसेल म्हणतात, प्राचीन स्पार्टाच्या लायकर्गसची कथा वाचून एखाद्या तरुणाचं आयुष्य बदलेल, आणि लायकर्गस मुळात झालाच नसेल. परिणाम खरा असला म्हणून कारण खरं ठरत नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. महायुद्ध संपून तीन वर्षंही झाली नव्हती, छळछावणीचं नाव स्वतः धर्मगुरूंनीच काढलं, आणि तरी नास्तिकांचा सगळ्यात जुना, सगळ्यात जड प्रश्न या वादात जवळजवळ आलाच नाही: देव दयाळूही आहे आणि सर्वशक्तिमानही, तर मग हे कसं होऊ दिलं? रसेल यांनी दुसरीकडे तो विचारलेला आहे. त्या संध्याकाळी त्यांना तर्काचा डाव जास्त खुणावला असावा. माझ्या पाहण्यात श्रद्धा सुटलेल्या माणसांपैकी लायब्निट्झ वाचून कोणाची सुटलेली नाही. कोणाचं तरी मूल दवाखान्यात गेलेलं असतं. आणि श्रद्धा धरून राहिलेलेही चॉकलेटांच्या हिशोबावर राहिलेले नसतात.

रसेल यांनी अगदी सुरुवातीलाच मान्य केलं होतं की देव नाही हे सिद्ध करता येतं असं आपलं म्हणणं नाही, आपण अज्ञेयवादी. ही कबुली पळवाट नव्हती. १९५२ मध्ये त्यांनी किटलीचं उदाहरण लिहिलं: पृथ्वी आणि मंगळ यांच्या मधून एक चिनी मातीची चहाची किटली सूर्याभोवती फिरते आहे, आणि ती इतकी लहान आहे की दुर्बिणीतून दिसत नाही, असं मी म्हणालो तर मला कोणी खोटं पाडू शकणार नाही, पण म्हणून तुम्ही विश्वास ठेवाल का? सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर. आस्तिक यावर म्हणतात की किटली ही जगातली आणखी एक वस्तू आहे, देव तसा नाही. कंदिलाच्या साखळीतला तो आणखी एक खिळा नव्हे. बघा, फिरून आपण पुन्हा खिळ्यापाशीच आलो.

पुढं रसेल यांना १९५० साली साहित्याचं नोबेल मिळालं. कोपलस्टन आपल्या पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचे जाडजूड खंड लिहीत राहिले. पहिला १९४६ मध्येच निघाला होता. आठवा खंड १९६६ साली आला, ब्रिटिश तत्त्वज्ञानावरचा. त्याच्या नावातच शेवटी रसेल आहेत, आणि त्यांच्यावर कोपलस्टन यांनी चांगली तीन प्रकरणं खर्च केली आहेत. रसेल तेव्हा ९४ वर्षांचे होते.